कंपनीत लाल कुलूप, घरी सोललेली वायर... काय करावं या लोकांचं?

गिरणाकाठ_सेफ्टी :

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका प्लास्टिक पाइपच्या युनिटला सेफ्टी सुपरवायझर आहे, कंपनीचं नाव विचारू नका. एक्स्ट्रूडरच्या लाइनी, मिक्सर, ग्राइंडर, तीन पाळ्या, दोनशेच्या आसपास माणसं. ग्राइंडरवर आमचा एक ऑपरेटर आहे, सगळ्यात भरवशाचा. ब्लेडमध्ये तुकडा अडकला की आधी मशीन बंद, मग पॅनेलला स्वतःचं लाल कुलूप, टॅग, किल्ली खिशात, मग परत स्टार्टचं बटण दाबून बघणार की खरंच मेलंय का, आणि मगच हुड उघडणार. ऑडिटवाले आले की मी यालाच पुढे करतो.

मागच्या मे महिन्यात हा घरी होता. दुपारचे दीड-दोन, पारा 45 च्या वर, कूलरमधलं पाणी संपलेलं. लोखंडी कूलर. चालू कूलरमध्येच याने नळी सोडली आणि पाणी किती झालं ते बघायला वाकताना दुसरा हात टेकला पत्र्यावर. पायात काही नाही, फरशी ओली. चिकटला. आई समोरच शेंगा फोडत बसली होती, तिने उठून खटका पाडला म्हणून वाचला. तळहात भाजला, दोन दिवस दवाखान्यात काढले.

मी भेटायला गेलो तेव्हा न राहवून विचारलंच, की दादा तू तिकडे एवढा नियमाने वागतो, इथे नुसता प्लग काढायला काय झालं होतं? तर तो म्हणे, "साहेब, घरी कुठे कुलूप असतं?"

तेव्हा हसलो आम्ही सगळे. पण ते वाक्य काही डोक्यातून जाऊन नाही राहिलं. कारण हा एकटा नाही हो. गेटपासून शंभर पावलं अलीकडे हेल्मेट डोक्यावर चढतं आणि सुट्टी झाली की शंभर पावलं पलीकडे आरशाला लटकतं. वेल्डिंगवाला इकडे शील्डशिवाय टाका मारत नाही आणि घरच्या गेटला वेल्डिंग करताना डोळे मिटून मारतो. हार्नेस घालून शेडवर चढणारा माणूस दिवाळीत खुर्चीवर स्टूल आणि स्टुलावर डबा ठेवून जाळं काढतो.

आता 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतोय, तिथून पुढे सप्ताह. दरवर्षी आमचं ठरलेलं आहे, शपथ, बिल्ला, घोषवाक्य स्पर्धा, बॅनर आणि समोसा. यंदा मला घरच्या सेफ्टीवर काहीतरी करायचंय. वरचे म्हणतात गेटच्या बाहेरचं आपलं काम नाही, फार तर एक पोस्टर लावा. थोडा खर्च मंजूर होईल, जास्त नाही. तुमच्याकडे कोणी असं काही केलंय का आणि ते खरंच घरापर्यंत गेलं का? कृपा करून "जनजागृती करा" असं कोणी लिहू नका, ते मी पंधरा वर्षं करून राहिलोय.


निवृत्त_फिटर_भुसावळ :

गिरणाकाठ, तुमच्या ऑपरेटरने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. मी 31 वर्षं औष्णिक केंद्रात मेंटेनन्सला होतो. लोकांना वाटतं तिथे माणसाला सवय लागते. सवय-बिवय काही नाही, तिथे कामाचं लेखी परमिट नसलं तर पान्याला हातच लावता येत नाही, ऑपरेशनवाला सही करतो, ब्रेकर बाहेर ओढून ठेवतात, त्याला माझं कुलूप लागतं आणि किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे चूक करायची म्हटली तरी वाट काढावी लागते. घरी उलटं आहे, नीट वागायचं म्हटलं तर वाट काढावी लागते.

मी हे माझ्या विहिरीवर शिकलो. शेतीची लाईट आपल्याकडे पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, म्हणून सगळे स्टार्टरला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, रात्री कोण उठून जाणार. एकदा पंप पाणी सोडून राहिला म्हणून लहान भाऊ मोटरीचं कपलिंग उघडायला बसला. लाईट गेलेली होती. लाईट गेलीय म्हणजे काम सुरक्षित, असं आपल्या शेतकऱ्याचं पक्कं गणित. मी बांधावर चहा पीत होतो आणि अचानक आठवलं की अरे, ऑटो चालूच आहे. ओरडलो, त्याने हात काढला आणि पाच-सात मिनिटांत लाईट आली. कपलिंग गर्रकन फिरलं, वर ठेवलेला पाना उडून विहिरीत गेला. त्याचा आवाज अजून कानात आहे. एवढ्या वर्षांचा परमिटवाला मी, आणि माझ्याच विहिरीवर ही गत!

त्या दिवसापासून आमच्या शेतावर एकच नियम. मोटरीला हात लावायच्या आधी डीपीखालच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) पेटीतून तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजच्या ग्रिपा, काढायचे आणि जो काम करणार त्याच्या स्वतःच्या खिशात ठेवायचे. दुसऱ्याच्या नाही, कट्ट्यावर नाही, गवतात नाही. खिशात तीन जड ग्रिपा असल्या की त्या बसता-उठता टोचतात, विसरता येत नाहीत. हेच आमचं घरचं लॉकआउट, म्हणजे लाल कुलूप, खर्च शून्य. आणि काढल्यावर परत एकदा स्टार्टरचं हिरवं बटण दाबून बघायचं. तुमचा ऑपरेटर कंपनीत जे करतो तेच.

म्हणून म्हणतो, पोस्टर नका लावू. प्रत्येकाला विचारा की तुझ्या घरी कुलपाच्या जागी काय ठेवता येईल. उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या, ते टिकतं.


नाईटशिफ्ट_धुळे :

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. कंपनीने घरात शिरायच्या आधी स्वतःचं अंगण बघावं. आमच्याकडे बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात, आणि नाईट करून सकाळी सातला माणूस गाडीवर बसतो तेव्हा तो झोपेतच गाडी चालवून राहिलेला असतो. समोर हायवे, कंटेनर, कपाशीने भरलेली ट्रॉली, तिला मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. त्याला तुम्ही हेल्मेटचं लेक्चर देणार? आधी त्याला झोप द्या.

आणि "गेटच्या बाहेरचं आपलं काम नाही" म्हणणाऱ्या तुमच्या वरच्यांना एक गोष्ट सांगा. 2010 साली ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कायद्यात 51-ई कलम घातलं गेलं, घरून कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ आणि जागा कामाशी जुळत असेल तर, नोकरीतलाच अपघात धरायचा. कायद्याने गेट केव्हाच रस्त्यापर्यंत सरकवलंय, साहेब लोक अजून वॉचमनच्या केबिनपाशीच उभे आहेत.

दुसरं, माणसाला वाटायला नको की आता घरी पण हजेरी सुरू झाली. आमच्या इथे एका अधिकाऱ्याने कामगारांच्या घरी व्हिजिट काढली होती, हातात चेकलिस्ट, बायकापोरांसमोर "तुमची वायरिंग फेल आहे" म्हणून सांगून आला. लोक इतके चिडले की पुढचे सहा महिने प्लांटमधलासुद्धा नियर मिस (थोडक्यात हुकलेला अपघात) कोणी लिहून दिला नाही. सेफ्टीवाले स्वतःच्या घरी काय करतात ते आधी सांगा की.


गिरणाकाठ_सेफ्टी :

नाईटशिफ्ट, झोपेचं अगदी खरं आहे, ते मी वर मांडतो. 51-ई चं पान पण छापून नेतो, आभार.

आणि विचारलंच आहे तर सांगतो. याच जानेवारीत भरीत पार्टी होती, असोद्याकडच्या एका शेतात, आमच्याच डिपार्टमेंटची. वांगी मांडली, वर कपाशीच्या काड्या रचल्या, पण काड्या दवाने ओल्या, पेटता पेटेनात, नुसता धूर. सगळे भुकेले. मी, म्हणजे ज्याच्या ओळखपत्रावर सेफ्टी लिहिलंय तो, गाडीतून अर्धी बाटली पेट्रोल काढलं आणि धुमसत्या ढिगावर ओतलं. ज्वाला सरळ धारेवरून बाटलीच्या तोंडापर्यंत आली, बाटली फेकली म्हणून हात वाचला, भुवया गेल्या. पाच सेकंद सगळे चूप आणि मग मागून ग्राइंडरवाला, तोच कूलरवाला, विचारतो, "साहेब, हॉट वर्कचं परमिट काढलं होतं का?" (कंपनीत आगीचं, ठिणगीचं काम करायच्या आधी ते काढतात.)

भरीत मात्र झकास झालं होतं. पण आठ दिवस कंपनीत भुवयांवरून सगळ्यांनी मला धुतलं.


वायरमन_आप्पा_अमळनेर :

तुमच्या भुवया येतील परत. मी कूलरचं बोलतो कारण आमचा मार्च ते जून धंदाच तो आहे.

पहिलं. आईने खटका पाडला आणि तो सुटला, हे खरंच नशीब समजा. जुन्या घरांमध्ये मी निम्म्या वेळेला बघतो, खटका फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग खटका पाडला की पंखा थांबतो, माणसाला वाटतं बंद झालं, पण आतल्या वायरला फेज तसाच उभा असतो. आतली कूलरची मोटर नाहीतर छोटा पंप लीक असला तर पत्र्यात करंट तसाच. म्हणून खटका नाही, प्लग. प्लग बाहेर, डोळ्याला दिसेल असा, मग पाणी. आणि प्लग काढताना पायात चप्पल, हात कोरडा, ओली वायर धरून ओढायची नाही.

दुसरं, तीन पिनचा प्लग बोर्डात बसत नाही म्हणून लोक वरची जाड पिन तोडतात किंवा दोन पिनचा लावतात. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग, तीच तर पत्र्यातला करंट जमिनीत नेते. ती तोडली म्हणजे तुमच्या अंगालाच अर्थिंग केलं.

तिसरं, सगळ्यात जास्त ऐकतो ते वाक्य : "आप्पा, एमसीबी आहे ना, काही होणार नाही." एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस मरू नये म्हणून नाही. घरात लावतात ती लहान 6 अँपिअरची घ्या, ती 6 अँपिअरच्या वर गेल्यावर विचार करणार. माणसाला मारायला त्याचा शंभरावा हिस्सा पण पुरतो. माणसासाठी असते आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरवाली. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का हे ती मोजते, मधला थोडा जरी पत्र्यातून किंवा तुमच्या अंगातून जमिनीत गेला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडली पाहिजे.

लोक म्हणतात बसवली होती पण सारखी पडते म्हणून काढून टाकली. अरे बाबा, सारखी पडते म्हणजे घरात कुठेतरी लीक आहे नाहीतर कोणीतरी न्यूट्रलच्या जागी अर्थिंगवर बल्ब लावलाय. कुत्रं भुंकतं म्हणून कुत्रंच विकल्यासारखं आहे हे.

गिरणाकाठ, तुमच्या बॅनर-समोशाच्या पैशात किती आरसीसीबी येतात याचा एकदा हिशोब काढा. आणि एक लक्षात आलं का, मार्चचा हा सप्ताह म्हणजे नेमकं आपल्याकडे माळ्यावरून कूलर उतरवायचे दिवस. वर्षभर धूळ खाल्लेला, वायर उंदराने कुरतडलेला कूलर लोक थेट बोर्डात लावतात. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही.


जामनेरची_सून :

मी कामगार नाही, कामगाराची बायको आहे, म्हणून लिहू की नको असं चाललं होतं. पण वरचं सगळं वाचलं आणि हसूच आलं. सगळे पुरुष ठरवून राहिलेत की घरात सेफ्टी कशी न्यायची, आणि घरात दिवसभर असतं कोण?

आमच्या मिस्टरांच्या कंपनीत सेफ्टी वीकला फॅमिलीला बोलावतात. कशाला? तर रांगोळी स्पर्धेला. विषय "सुरक्षा". मी दोन वर्षं पिवळं हेल्मेट काढलं रांगोळीत, दुसरा नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला. तिसऱ्या वर्षी बाजूच्या मैदानात फायरवाले डेमो देत होते, तो मी आपण होऊन बघायला गेले. त्यांनी आग विझवायचा सिलेंडर हातात दिला, पिन ओढायला लावली, ज्वालेच्या टोकावर नाही बुडाशी मारायचं हे करून दाखवलं. इतका जड असतो आणि इतक्या लवकर संपतो हे मला माहीतच नव्हतं. तळणाच्या कढईने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद आणि वरून मोठं झाकण, हेही तिथेच कळलं. रांगोळीपेक्षा ती दहा मिनिटं कामाची होती.

तिथेच एका दादांनी गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते ते सांगितलं. घरी येऊन बघितली तर आमच्या नारंगी नळीची पाच वर्षं कधीच उलटून गेलेली. आणि ती नळी कोणी बसवली होती? आमच्या मिस्टरांनी, जे कंपनीत व्हॉल्व्हला टॅग लावल्याशिवाय हात लावत नाहीत! मी त्यांना म्हटलं, हिची पण एक्सपायरी असते बरं का साहेब. दुसऱ्या दिवशी नवीन आणली. गॅसचा वास आला तर तो खाली फरशीलगत साचतो, म्हणून खटका चालूही करायचा नाही आणि बंदही करायचा नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि 1906 ला फोन, हे आता आमच्या सासूबाईंनापण पाठ आहे. त्यांनी तर नंबर कोळशाने ओट्याच्या मागच्या भिंतीवर लिहून ठेवलाय, पुसू देत नाहीत.

म्हणून सांगते दादा, तुमचा कागद माणसाच्या हातात देऊ नका, तो डिक्कीत राहतो. आम्हाला बोलवा, आणि रांगोळीला नका बोलवू. परमिटवर सही करणारं कोणीतरी लागतं असं फिटरकाका म्हणाले ना, ते घरात कोण असावं हे काही वेगळं सांगायला नको.


कपाशीवाला_पारोळा :

आते काय सांगू भाऊ तुम्हले. मी लोडिंगला आहे एका युनिटमध्ये आणि घरी चार एकर कपाशी. दोन्हीकडे एकच माणूस, पण अंगावर वेगळं. युनिटमध्ये पावडरच्या गोण्या उतरवताना मास्क, हातमोजे, गॉगल, नाहीतर सुपरवायझर हाकलून देतो. शेतात फवारणीला बनियन आणि तोंडाला रुमाल, तो पण घामाने खाली आलेला. कोणी टोकलं की आमच्या गावात ठरलेलं उत्तर, "काही व्हत नही रे."

2017 ला तिकडे यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली तेव्हा आमच्याकडे सगळे महिनाभर घाबरले, मग जैसे थे. मला मात्र दुसऱ्या वर्षी स्वतःलाच झटका बसला. वाऱ्याच्या तोंडावर फवारलं, संध्याकाळी डोळ्यापुढे धुकं, उलट्या, लाळ गळते. बायकोने डबा घेऊन डॉक्टरकडे नेलं, डब्यावरचं नाव बघून त्यांनी लगेच इंजेक्शन चालू केलं. डबा नेला नसता तर तो पित्त समजून गोळी देऊन मोकळा.

तेव्हा पहिल्यांदा डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण नीट बघितला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. युनिटमध्ये ड्रमवरच्या खुणा आम्हाला शिकवलेल्या, पण तशीच खूण घरच्या डब्यावर असते हे कधी डोक्यात आलं नाही.

एक सांगतो, सेफ्टीवाल्या भाऊंसाठी. आमचे काही गडी कंपनीतला धुळीचा मास्क घरी आणून फवारणीला वापरतात आणि समजतात झालं काम. तो धुळीचा आहे, औषधाची वाफ अडवत नाही, उलट ओला झाला की तोंडाशी विष धरून ठेवतो. हे कोणीतरी शिफ्टच्या सुरुवातीला सांगा त्यांना, चांगल्या मनाने करून राहिलेत बिचारे. आणि उरलेलं औषध थंड्याच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवू नका हे पण सांगा. घरात पोरं असतात.


गिरणाकाठ_सेफ्टी (एप्रिलमधलं अपडेट) :

मंडळी, सांगतो म्हटलं होतं म्हणून लिहितोय, उशीर झाला.

बॅनर रद्द केला. समोसा रद्द करता आला नाही, युनियनने धरला. रांगोळीपण रद्द, त्या जागी घरच्यांसाठी आग विझवायचा डेमो ठेवला, साठेक बाया आल्या, पोरं वेगळी. एका आजींनी पिन ओढून असा काही फवारा मारला की डेमोवाले मागे सरकले.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी टूलबॉक्स टॉकला (कामाआधी सेफ्टीवर दोन शब्द बोलतात त्याला) मी शपथ न देता भुवयांची गोष्ट सांगितली. सगळ्यांना माहीत होतीच, पण मीच माझ्या तोंडाने सांगतोय म्हटल्यावर हवा बदलली. आम्ही सेफ्टीवाले 1931 चा तो हेनरिकचा त्रिकोण पाठ म्हणतो, एका मोठ्या अपघातामागे 29 लहान आणि 300 नुसते हुकलेले. आकड्यांवर पुढे वाद झालेत, असू दे, पण ते हुकलेले तीनशे घरात कोणाला सांगणार हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. मग एकेक जण बोलायला लागला. एकाने लेकीची ओढणी गाडीच्या चाकात गेल्याचं सांगितलं. एकाने इस्त्रीचं. नाव लिहायचं नाही, फॉर्म नाही, नुसतं सांगायचं असं ठरवलं, नाईटशिफ्टने लिहिलेली ती चेकलिस्टवाली गोष्ट डोक्यात होती.

फिटरकाका, तुमचा प्रश्न तसाच विचारला, तुझ्या घरी कुलपाच्या जागी काय? शेतीवाल्यांनी किटकॅट लगेच उचललं. एक जण म्हणाला मी तर ग्रिप खिशात ठेवून तसाच घरी निघून आलो आणि भाऊ रात्रभर शिव्या देत बसला, मोटरच सुरू होईना. चालेल म्हटलं.

आरसीसीबी फुकट द्यायचा प्रस्ताव वर अडकला. मग आमच्या स्टोअरवाल्याने घाऊक भावात आणून दिल्या, पगारातून तीन हप्ते, पंचवीस-तीस जणांनी घेतल्या. आमचे दोन इलेक्ट्रिशियन रविवारी बसवून देताहेत, ज्याने बोलावलं त्याच्याच घरी जायचं, आणि तोंडातून "फेल" शब्द काढायचा नाही. आप्पा, तुम्ही म्हणालात तेच निघालं, पहिल्याच घरी बसवली आणि धाडकन पडली, शोधता शोधता बाथरूमच्या गिझरमध्ये लीक सापडलं. ते लोक वर्षभर "थोडा थोडा झिणझिणतो" म्हणत आंघोळ करून राहिले होते!

पारोळ्याच्या भाऊंचं मास्कचं पण सांगितलं. तीन जणांनी गुपचूप मास्क परत आणून दिले, मी काही विचारलं नाही.

आता ग्राइंडरवाल्याचं. कूलर टॉक मी त्यालाच द्यायला लावला. आधी लाजला, मग स्वतःचा तळहात दाखवला, बस, दोन मिनिटांत संपवलं. मागच्या रविवारी त्याच्या घरावरून चाललो होतो, त्याने बोलावलं चहाला. कूलर खिडकीत लागलेला, तीन पिनचा नवीन प्लग, खाली लाकडी पाट. तो नळी घेऊन उठला, तशी आई पण उठली, तिने बोर्डातून प्लग काढला आणि हातात घट्ट धरून पलंगावर बसली. पाणी भरेपर्यंत प्लग तिच्या मुठीत. भरून झालं, त्याने हात पुढे केला तर देईना. म्हणे, "आधी चप्पल घाल पायात."


नाईटशिफ्ट_धुळे :

वाचून बरं वाटलं भाऊ. ते नाईटवाल्यांच्या झोपेचं काय झालं पण?


गिरणाकाठ_सेफ्टी :

51-ई चं पान लावून फाइल वर दिलीय. अजून खाली आलेली नाही. सोमवारी परत जातो.